बांधावरचा सगळ्यात लहान आकडा

दिलेल्या आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा शोधणं म्हणजे आमच्या धंद्यातलं बालवाडीचं काम. वेबसाइट बनवणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, तो जांभई देत सांगेल. पहिला आकडा हातात धरायचा, पुढच्याकडे जायचं, तो लहान असला तर हातातला टाकून तो घ्यायचा. रांग संपली की हातात उरतो तो सगळ्यात लहान. आणि एवढंसुद्धा करावं लागत नाही. त्यासाठी भाषेतच एक तयार शब्द आहे, त्याच्या कंसात आकडे टाकले की उत्तर बाहेर. मी नवीन पोरांच्या मुलाखती घेते तेव्हा हा प्रश्न विचारायची मला लाज वाटायची, इतका तो सोपा.

आता वाटत नाही. त्या एका ओळीने माझी अशी पाचावर धारण बसवली की अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की मी अजून कॅलेंडरसमोरून हलत नाही. नवरा म्हणतो, भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाक. त्याला काय जातंय म्हणायला! तो देशावरचा, त्याच्या गावाला नदी सांगूनसवरून चढते. आमची खाडी दिवसातून दोनदा येते आणि कोणाला विचारत नाही.

मी राहते विरारला, फ्लॅटमध्ये, काम घरूनच. माहेर वसईच्या खाडीकाठचं. घर, घराला लागून भातशेती, मागच्या दारापासून हाकेवर मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. उधाणाची भरती असली की खाडीचं पाणी आमच्या चुलीपेक्षा उंच असतं. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि लहानपणापासून त्याला घाबरत आले. शाळेत असताना पाटपाण्याचा धडा असला तरी माझे हात गार पडायचे. खाडी आणि चूल यांच्या मधे काय, तर माती. बाकी काही नाही.

हा बांध गावाचा, पण घराघरांत वाटून घेतलेला. प्रत्येकाचा एक तुकडा, तुकड्याच्या दोन्ही टोकांना दगड रोवलेले. आपल्या तुकड्यावर दरवर्षी माती टाकायची, चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली बिळं बुजवायची, हे ज्याचं त्याने बघायचं. दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. त्याने बोलावलं तर गोष्ट वेगळी, पण आपणहून नाही, मदत म्हणूनसुद्धा नाही. आज तू तिथं फावडं मारलंस की उद्या म्हणशील हा बांध माझा. शहरातल्या माणसाला हसू येईल. आमच्याकडे यावरून डोकी फुटलेली आहेत.

आमच्या शेजारचा तुकडा काकाचा, म्हणजे बाबांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. आणि गंमत अशी की आमच्या मागच्या दारासमोर आमचा तुकडा नाही, त्याचा येतो. वाटण्याच तशा झाल्या. काही वर्षांपूर्वी काकाने भर गावासमोर बाबांवर आळ घेतला, की माती टाकायच्या निमित्ताने दादाने हद्दीचा दगड माझ्या बाजूला हातभर सरकवला. माझे बाबा तापट आहेत, हट्टी आहेत, जेवताना बोललं तर ताटावरून उठून जाणारे आहेत. पण दगड सरकवणारे नाहीत. त्यांनी त्याच दगडावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून याच्या बांधावर माझं पाऊल पडणार नाही. काका त्याच वर्षी घराला कुलूप लावून नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नाहीत. लग्नात समोरासमोर आले की एकजण चपला शोधायला लागतो.

तर हे असं सगळं असताना मी बांधासाठी वेबपान बनवलं. हौस होती हे खरं, पण हौसेपेक्षा भीती जास्त. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरायची, पायरी उतरायची म्हणजे धरायला दोन माणसं लागायची. पावसाळा तोंडावर आलेला. मला उठता-बसता एकच घोर, की उद्या बांध फुटून पाणी आलं तर ही बाई पळणार कशी.

मोजायची पद्धत गावाचीच होती, मी ती फक्त फोनमध्ये आणली. पौर्णिमेच्या भरतीला पाणी पूर्ण चढून थांबलं की प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर जाऊन टेप लावायची आणि बघायचं, पाण्यापासून बांधाचा माथा किती इंच वर राहिला. पाणी सगळीकडे एकाच पातळीत असतं, तेव्हा ज्याचा आकडा सगळ्यात लहान त्याच्याकडून खाडी पहिली आत येणार. आधी हे आकडे बांधावरून ओरडून सांगायचे आणि मग कोण खोटं ओरडला यावर वाद घालायचे. आता प्रत्येकाने आपला आकडा पानावरच्या आपल्या चौकटीत भरायचा. सगळ्यात लहान आकडा त्या घराच्या नावासकट वर लाल अक्षरांत दिसणार. मोठं उधाण आलं की गावाने मातीच्या गोणी घेऊन आधी तिथं पळायचं; आकडा भरला म्हणजे मालकाने बोलावल्यासारखंच.

पहिल्याच पौर्णिमेला वर लाल अक्षरांत काकाचं नाव आलं आणि पुढे शून्य.

काकाने आकडा भरलाच नव्हता, त्याची चौकट रिकामी होती. आणि आमची ही भाषा अशी येडी, की रिकाम्या चौकटीचा आकडा कर म्हटलं की ती शून्य करते. काही नाही म्हणजे शून्य. मग शून्याहून लहान गावात दुसरं कोण असणार? गावाच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ. कोणी लिहिलं, कुलपातलं भूत माप घेतंय वाटतं. कोणी लिहिलं, विरारच्या मॅडमना बांध आणि बादली यातला फरक सांगा. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी फोन करून मला सांगितलं की त्याचं नाव वर कशाला मिरवतेस, काढ ते.

मीही चिडले होते. माझ्या पानाला गाव हसत होतं. मी एक ओळ वाढवली, की चौकट रिकामी असेल तर ती सोडून द्यायची. याला आमच्यात माहिती साफ करणं म्हणतात. ओळ टाकल्याबरोबर लाल अक्षरांत दुसऱ्या टोकाचं घर आलं, उघाडीजवळचं, नऊ इंच. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायला ठेवलेला. तिथली माती दरवर्षी खचते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळे म्हणाले, हां, आता बरोबर. आपल्याला आधीच माहीत असलेलं उत्तर यंत्राने दिलं की यंत्र फार हुशार वाटतं. काकाच्या तुकड्यावर जाऊन माप घ्यावं असं एकाच्याही मनात आलं नाही. दुसऱ्याच्या बांधावर टेप घेऊन उभं राहायचं? छे.

आणि मग दिव्याची अमावास्या आली.

आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती, त्यात समुद्राकडून वारा. त्या दुपारचं उधाण मोठं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळीच गाव गोणी घेऊन उघाडीकडे गेलं. बाबाही गेले, शेजारपाजारच्या बायकाही माती भरायला गेल्या. आई घरात एकटी. मी विरारला कंपनीच्या मीटिंगमध्ये कानात हेडफोन घालून बसले होते आणि बाजूला पान उघडं ठेवून उंटावरून शेळ्या हाकत होते. ग्रुपवर फोटो येत होते, गोणींची रांग, चिखलाने भरलेले हसरे चेहरे. मला वाटलं, चला, कामाला आलं आपलं पान.

तेवढ्यात आईचा फोन आला. आवाज एकदम मजेत.

म्हणाली, ‘अगं बाय, मागच्या पडवीत चिंबोऱ्या आल्यात. केवढाल्या! आणि मला मेलीला वाकता येत नाय.’

मी विचारलं, पाणी आहे का. तर म्हणाली पायरीला लागलंय थोडं, पावसाचं असेल.

पावसाच्या पाण्याबरोबर चिंबोऱ्या येत नाहीत. मी मीटिंग तशीच सोडली आणि तिला म्हटलं, ते पाणी चाखून बघ. ती वैतागली, वाकता येत नाय म्हटलं ना. मी म्हटलं वॉकर बुडव, वर घे, त्याला बोट लाव आणि चाख. मला सगळं ऐकू येत होतं. वॉकरची खडखड, तिची धाप, देवाचं नाव घेणं. मग ती थू करून थुंकली.

‘खारं हाय,’ म्हणाली.

मी पानाकडे बघितलं. लाल अक्षरांत उघाडी, नऊ इंच. सगळं गाव उघाडीवर, आणि खाडी आमच्या मागच्या दारात. मला क्षणभर काही कळेना. मग मी कोड उघडला आणि ती ओळ दिसली. रिकामी असेल तर सोडून दे. जिथं कोणी मोजलं नाही तिथंच बांध सगळ्यात खाली होता. मोजायला माणूस नव्हतं म्हणजे माती टाकायलाही नव्हतं, बिळं बुजवायलाही नव्हतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात तोपर्यंत शिरली नव्हती. त्या येड्या भाषेने पहिल्या दिवशी दाखवलेलं शून्यच खरं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं होतं.

बाबांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. ग्रुपवर लिहिलं, आमच्या घरामागून पाणी येतंय, आई एकटी आहे, पळा. आईला सांगितलं, खाटेवर पाय वर घेऊन बस आणि फोन हातातून सोडू नकोस. ती म्हणाली पुढच्या दाराने रस्त्यावर जाते. मी ओरडले, नको. पुढच्या दाराला चार पायऱ्या आणि त्या शेवाळलेल्या. तिथं पडली असती तर पाण्याची वाटच बघावी लागली नसती. ती म्हणाली बरं बाई, बसते, तू ओरडू नकोस, गाडी सावकाश आण. मी गाडी काढते आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं.

स्टेशनच्या बाजूला पाणी भरलं असणार म्हणून मी स्कूटर पश्चिमेच्या रस्त्याने काढली, निर्मळ, गिरीज करत. तो रस्ता मला एरवी आवडतो. त्या दिवशी मी रस्ता बघितलाच नाही. गिरीजच्या वाड्यांमधून केळ्यांचा टेंपो पुढे चाललेला, वळणावळणाचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, आणि तो माणूस काही केल्या बाजू देईना. मी हॉर्नवरून बोट काढलं नाही. रडत होते, त्याला शिव्या घालत होते, मोठमोठ्याने, रेनकोटाच्या टोपीत. देवाला नाही नाही ते बोलले. तिला काही झालं तर मी हे कोड लिहायचं काम परत करणार नाही, असंही बोलले. भीती वाटली की माणूस सौदे करायला लागतं आणि समोर कोणी गिऱ्हाईक नसतं.

मधे एकदा थांबून तिला फोन केला. म्हणाली पाणी खाटेच्या पायांना लागलंय, तांदळाचा डबा वर ठेवायला पाहिजे होता. मी म्हटलं तांदूळ गेला खड्ड्यात. त्यावर तिने मला झापलं, अन्नाला असं बोलू नये म्हणून. मला तेव्हा जास्तच रडू आलं.

घरी पोचले तर अंगणात गुडघाभर पाणी. आई खाटेवर, पदर खोचून, मांडीवर देव्हाऱ्यातल्या समया घेऊन बसलेली. त्या सकाळीच घासून ठेवल्या होत्या, पाण्यात जायला नकोत म्हणून उचललेल्या. मी तिला उचलायचा प्रयत्न केला, पण ती अंगाने भारी, आणि माझे पाय चिखलात रुतत होते. ती म्हणाली, बापाला बोलाव, मागं बांधावर आलेत सगळे, मला आवाज येतोय.

मी मागच्या दाराने बांधावर चढले. खरंच सगळे आले होते. माझा निरोप वाचून उघाडीवरून धावत आले होते, खांद्यांवर गोणी होत्या. आणि सगळे उभे होते.

आमच्या तुकड्यावर, हद्दीच्या दगडापर्यंत, रांगेने उभे. दगडाच्या पलीकडे काकाच्या बांधावरून खाडी आत पडत होती. तिथं बांध बसलेला होता, माथ्यावर गवत होतं म्हणून लांबून कळत नव्हतं एवढंच, आणि वरून वाहणारं पाणी त्यातली माती घेऊन खाली येत होतं. ज्यांनी गोणी आणल्या होत्या त्यांनी त्या दगडाच्या अलीकडे रचून ठेवल्या होत्या. पलीकडे कोणी पाय टाकला नव्हता. सगळ्यात पुढे बाबा होते, खांद्यावर गोण, चेहरा राखेच्या रंगाचा.

मी सगळ्यांना सांगितलं की आई आत अडकली आहे, तिला उचलायला चला. तीन-चारजण लगेच गोणी टाकून खाली उतरले. त्यामुळे मला आणखी धडकी भरली. बांध आत्ता फुटला असता तर आई आणि तिला उचलणारे, सगळे नेमके त्याच्या तोंडाशी होते. मी बाबांना म्हटलं, गोणी टाका ना तिथं. ते हलले नाहीत.

मी परत म्हटलं. तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तिथं पाय टाकला तर त्याचं बोलनं खरं होईल, पोरी.’

मी खूप वेळा घाबरले आहे. पण आपल्या बापाला घाबरणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. हा माणूस माझ्या आईवर जीव टाकतो, तिच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याबाहेर उपाशी बसलेला मी बघितला आहे. आणि तो तिथं उभा राहून तिच्या घरात पाणी शिरताना बघत होता, कारण मधे एक दगड होता. बाकीचेही बघत होते. त्यांचंही बरोबर होतं, मालकाने बोलावलं नव्हतं. मला वाटलं, आता कोणीच जाणार नाही. सगळे चांगले लोक आहेत आणि कोणीही जाणार नाही.

माझं लग्न झालेलं. त्या बांधावर माझ्या नावाचा तुकडा नाही, कधी असणारही नव्हता. मी एक गोण ओढली, उचलणं शक्यच नव्हतं, फरफटत दगडापलीकडे नेली आणि वाहत्या पाण्यात ढकलली. दुसरी न्यायला वळले तर पायाखालची माती सरकली. नुसती घसरले नाही, बांधाचा तेवढा भागच माझ्यासकट आत बसला. छातीपर्यंत चिखल, वरून अंगावर पाणी, तोंडात खारट. वर बघितलं तर पाणी माझ्या डोक्यापेक्षा उंच, आणि मला एवढंच वाटलं की आता हे सगळंच्या सगळं माझ्यावरून तिच्याकडे जाणार.

मग माझ्या दंडाला हात लागला. बाबा. दगड ओलांडून, गुडघाभर पाण्यात, काकाच्या बांधावर. त्यांनी मला एका हिसक्यात वर काढलं आणि त्याच जागी स्वतःच्या खांद्यावरची गोण बसवली. मग मागे वळून हात पुढे केला. त्या हातात कोणीतरी गोण दिली. मग पुढची, मग पुढची. ते उतरल्यावर बाकीचेही उतरले. भरती पालटेपर्यंत कोणी सरळ उभं राहिलं नाही.

आईला त्या तीन-चारजणांनी खुर्चीत बसवून रस्त्यावर आणली होती. समया मांडीवरच. मला बघून म्हणाली, काय अवतार केलाय. मग माझं डोकं छातीशी धरलं आणि तिलाही थरथर सुटली. तोपर्यंत तिने भीती दाखवलीच नव्हती.

त्या वर्षीचं भात गेलं. लावलेली रोपं खाऱ्या पाण्याने पिवळी पडून बसली. बाबा बोलायचे जवळपास बंदच झाले. त्या अमावास्येचा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही, काकाच्या बांधाचं तर नावच नाही. मी मात्र विरारला येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे ती ओळ पुसली. तिच्या जागी दुसरी लिहिली. एक जरी चौकट रिकामी असेल तर पानाने सगळ्यात लहान आकडा सांगायचाच नाही. वर लाल अक्षरांत एवढंच दिसायचं, की अजून मोजायचं राहिलं आहे. ग्रुपवर लोकांनी कटकट केली. मी म्हटलं, करा.

नारळी पौर्णिमेला मी माहेरी होते. लोक खाडीला नारळ सोडायला गेले, येताना आपापली मापं घेऊन आले. चौकटी भरत गेल्या. काकाची रिकामी. पान गप्प. मी ओट्यावर फोन घेऊन बसले होते. बाबांनी माझ्याकडून फोन घेतला, बघितला, परत दिला. खुंटीवरची टेप घेतली आणि मागच्या दाराने गेले. मी आत जाऊन मागच्या खिडकीतून बघत होते. दगडापाशी ते थांबले. मग पलीकडे गेले.

परत आले तेव्हा म्हणाले, तीन. एवढ्या गोणी टाकून तीन इंच. मग म्हणाले, ‘आकडा त्याच्या चौकटीत टाक. पन वर लाल अक्षरात नाव येतं, तिथं माझं घाल. गावाने त्याला हसायला नको.’

मी तसं केलं. पान बोललं. तीन इंच, आणि पुढे बाबांचं नाव. ग्रुपवर त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही.

आणि माझा फोन वाजला. काकाचा. पानाची लिंक त्याच्याकडेही होती, पण कित्येक वर्षांत त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटलं, झालं, आता म्हणणार की माझ्या बांधावर नाव लावलंत. बाबा ओट्यावर समोर बसलेले. मी घाबरत घाबरत फोन उचलला आणि न विचारता स्पीकरवर टाकला.

तो बांधाबद्दल बोललाच नाही. म्हणाला, वहिनीची खाट कुठल्या खोलीत असते. मी म्हटलं मागच्या. तर म्हणाला, आत्ताच्या आत्ता पुढच्या खोलीत हलवा. मी म्हटलं काका, बाबांनी मोजलंय, तीन इंच आहे, उद्या माती टाकू.

‘वरून मोजून काय उपेग,’ काका म्हणाला. ‘आतून पोकळ हाय तो. चिंबोऱ्यांनी खाल्लेला. मी तिथं होतो तेव्हापासून.’

मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

मग तो म्हणाला, ‘मला ते निस्तरता आलं नसतं. भीती वाटायची. निघायला काहीतरी भांडन पाहिजे होतं, म्हनून दगडाचं काढलं. दादाने दगड हलवला नव्हता.’

बाबा उठले. मला वाटलं ते फोन आपटणार. ते मागच्या खोलीत गेले आणि तिथून मला हाक मारली, खाटेचं दुसरं टोक धर म्हणून. मी फोन तसाच ओट्यावर ठेवून आत गेले. आई म्हणाली, अहो मला उतरू तरी द्या. त्यांनी तिला उतरू दिलं नाही. आम्ही दोघांनी तिला खाटेसकट पुढच्या खोलीत आणलं. खाट टेकवली, आणि मग ते ओट्यावर जाऊन फोनपाशी बसले. तो अजून चालूच होता.